जीवरामच्या बुटांना नवा तळ

पारोळ्यात किल्ल्याच्या खंदकाकडं उतरणाऱ्या रस्त्याला झिपरू चांभाराचं दुकान होतं. दुकान कसलं, लिंबाखाली एक पोतं, एक लाकडी पेटी आणि आरी-रापी. हात सोन्याचा, पण गड्याला चौकशा फार. टाच कुठून झिजली ते बघून माणूस कसा चालतो, कुठं जातो हे ओळखायचा आणि वर तोंडावर विचारायचाही. लोक म्हणत, "झिपरूकडं जोडा टाकायचा म्हणजे पोटातलं ओकायचं." तो नुसता दात काढायचा.

एकोणीसशे अडुसष्टचा पितृपक्ष चालू होता. पाऊस अजून हटला नव्हता. चुडामण आबांची सून सुमनबाई लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले बूट घेऊन आली आणि पोत्यासमोर बसली.

"झिपरूभाऊ, हाऊ जोडा नीट व्हई का?"

बूट तिच्या नवऱ्याचे, जीवरामचे होते. लष्करी मोडीतले, घोट्याच्या वर येणारे. जीवराम धुळे रस्त्याच्या डांबरकामावर मुकादम होता. बाकीची टोळी पायाला गोणपाट बांधायची, हा बूट घालायचा. एका पहाटे बूट दाराशी होते आणि जीवराम नव्हता. अनवाणी माणूस गेला तरी कुठं, कुणाला कळलं नाही. तेव्हापासून बूट सुमनबाईच्या ट्रंकेत आणि किल्ली तिच्या कमरेला.

झिपरूनं तळावर अंगठा दाबला. रबर शिळ्या भाकरीसारखं कुस्करलं.

"तळाचं पीठ झालं, अक्का. नवे घ्या की."

सुमनबाई हलली नाही. मग तिनं सांगितलं. जीवराम गेला त्याला बारा वर्षं भरली होती, आणि आबांनी सर्वपित्रीला पळसाच्या पानांचा पुतळा करून लेकाची क्रिया उरकायचं ठरवलं होतं. त्या दिवशी तिच्या बांगड्या फुटणार, कुंकू पुसलं जाणार. श्रावणात कानबाई बसली तेव्हा तिनं देवीपुढं बोलून ठेवलं होतं, बुटांना तळ लागला तर मालक जिवंत, मग क्रिया नाही. आबा हसून हो म्हणाले होते. अंगठा त्यांनीही दाबून पाहिला होता.

"म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर?" झिपरू म्हणाला.

"तुमनाच हातमा शे, भाऊ."

आई गं! झिपरूला बाईची दया आली. पण खरं सांगायचं तर दयेपेक्षा त्याला दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. बारा वर्षं ट्रंकेत पडलेलं कातडं लाकडासारखं व्हायला हवं. हे लोण्यासारखं मऊ होतं. त्यानं आत बोट घातलं. ओल होती. वास घेतला, तर ताजा घाम.

"कोन घालस, अक्का?"

"कोनीच नही. किल्ली मनापान शे," तिनं कमरेची किल्ली दाखवली.

झिपरूनं ट्रकच्या टायरचा तळ कापला, शिवला, खिळे ठोकले आणि बूट पेटीत घालून कुलूप लावलं. सकाळी उघडून बघतो तर नव्या टायरची टाच बाहेरच्या अंगानं गुळगुळीत झिजलेली. वर डांबर चिकटलेलं, अजून मऊ. तो एसटी स्टँडवर गेला आणि डांबरकाम कुठं चाललंय म्हणून ड्रायव्हरांना विचारत बसला.

"पावसात डांबर? येडा शे का तू?" एकजण म्हणाला आणि सगळे खो-खो हसले.

त्यानं दुसरा तळ लावला. या खेपेला भरदिवसा पेटीवर स्वतःच बसला. भाकरी तिथंच खाल्ली, चहाही तिथंच मागवला. ऊन कलल्यावर उठून झाकण उघडलं. टाच त्याच अंगानं झिजली होती आणि डांबराचा वास नाकात चढला.

दुसरा कुणी असता तर बूट खंदकात भिरकावून मोकळा झाला असता. झिपरूही घाबरला होता, नाही कशाला म्हणा. पण भीतीपेक्षा त्याला एकच लागून राहिलं होतं. हा बाबा जातो कुठं?

अमावास्येच्या सकाळी त्यानं तिसरा तळ ठोकायला घेतला. तेवढ्यात काठी टेकत आबा आले. मागं सुमनबाई, बांगड्यांवर पदर ओढून.

"काय रे झिपरू, पीठ मळलं का? नदीवर भटजी खोळंबलाय."

"तपासतो, आबा."

शेवटचं काम उरलं होतं. आत खिळ्याचं टोक निघालं का ते बघायला चांभार हात घालून चाचपतो, रोजचंच. झिपरूनं उजव्या बुटात हात घातला.

हात मध्येच अडला.

बोटं होती. पायाची. नखं वाढलेली.

झिपरूचा हात लागताच ती आखडली, गुदगुल्या झाल्यावर कुणाचीही आखडतात तशी.

त्यानं हात ओढून घेतला.

"काय झालं? टोचलं का?"

"हो, आबा."

"मग बोल. व्हई का नही?"

झिपरूनं दोन्ही बूट पोत्यावर जोडीनं मांडले. "तळ बसला. जोडा नीट झाला."

आबांनी बूट हिसकून घेतले, तळ वाकवला, ओढला, नखानं उचकटून पाहिला. तो निघेना. त्यांनी रागानं बूट पोत्यावर टाकले. "कानबाईला दिलेला शब्द मोडता येत नाही," असं पुटपुटत ते भटजीला परत पाठवायला गेले.

सुमनबाई खाली वाकली.

"हातले काय लागनं, भाऊ?"

त्यानं सांगितलं. ती दचकली नाही. तिनं हळूच विचारलं,

"पाय गरम शे का थंडा?"

झिपरूनं डोळे मिटले आणि पुन्हा हात घातला.

"गरम."

ती रडली आणि हसली. मग तिनं बूट मांडीवर घेतले आणि नाड्या आवळल्या, गाठीवर गाठ. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या.

"आते कोठे जास, देखस मी," ती बुटांना म्हणाली, खांद्यावरून पाठीवर टाकले आणि घराकडं निघाली.

झिपरू बघत राहिला.

बुटांची टोकं मागं, धुळे रस्त्याकडं होती. तिच्या पाठीवर डावा उचलला जात होता, मग उजवा, मग डावा. तिच्या चालीपेक्षा भरभर.