घरच्यांचं न ऐकणारा तक्ता

प्रिंटरमधून कागद बाहेर आले आणि दोन हात, एक तिचा, एक त्याचा, एकदमच त्यांवर पडले.

"तुमचा अहवाल?" त्यानं पानं चाळली. "एक तक्ता निळा, एक राखाडी, एकाला रेघाच नाहीत... सख्खी भावंडं वाटत नाहीत हो!"

तिचे कान तापले. तिच्या काटेकोरपणामुळे घरी आणि ऑफिसात तिला 'फूटपट्टी' म्हणत; पण हे तक्ते तिघांनी केलेले, तिच्या वाट्याला नुसती जोडणी आली होती. तो प्रोग्रामर, या औषधचाचणीच्या अहवालापुरता शेजारच्या विभागातून उसना आणलेला, म्हणून सगळ्यांचा 'पाहुणा'. अहवाल गेला, की पाहुणाही जाणार.

दुपारी तो तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. "आपल्या या सॅस सॉफ्टवेअरमध्ये रंग, अक्षर, रेघा एकदाच लिहायच्या, एका टेम्प्लेटमध्ये. मग सगळे तक्ते त्या घरच्या वळणानं वागतात."

"आणि एखाद्या तक्त्याच्या कोडमध्ये वेगळा रंग लिहिला तर?"

"तर तो घरच्यांचं ऐकत नाही. हट्टी!" तो हसला. तिनं घाईनं स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन केव्हाच झोपली होती.

मग रोज भांडणं. मथळा फिकट निळा की गडद, रेघ जाड की बारीक... शुक्रवारी मात्र सगळे तक्ते फिकट निळ्या टोप्या घालून शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले. पाहुणा आपला चार्जर गुंडाळू लागला, आणि फूटपट्टी उगाचच तेच तक्ते पुन्हा मोजू लागली.

तो कपाटाची किल्ली परत करून आला, तेव्हा ती कीबोर्डपासून जरा जास्तच लांब बसली होती.

"थांबा ना... एक तक्ता बिघडलाय."

दुष्परिणामांच्या तक्त्याचं डोकं भडक केशरी! त्यानं वाकून कोड पाहिला. "सकाळी नीट होता. कुणीतरी मुद्दाम रंग लिहिलाय."

"असेल कुणीतरी... किती वेळ लागेल?"

"अर्धं मिनिट."

"एवढाच?"

तेवढ्यात फोन वाजला. गडबडीत तिचं बोट स्पीकरवर पडलं. "आई, उशीर होईल गं. माझा एक तक्ता बिघडलाय."

"तुझा?" आईचा आवाज खोलीभर घुमला. "फूटपट्टे, तुझ्या हातून चूक?... कोण आहे तो?"

तिनं फोन छातीशी दाबला, पण फार उशिरा.

पाहुण्यानं ती ओळ पुसली. मथळा निळा झाला. अहवाल साहेबांकडे गेला. त्यानं मात्र चार्जर पुन्हा भिंतीत खोचला.

"आई उत्तराची वाट बघतायत," तो हळूच म्हणाला. "आणि... मीही."

तिनं फोन कानाला लावला.

"आई, घरी आल्यावर सांगते. पण उशीर होईल... तक्ता सुधारला, तरी पाहुणा अजून उठलेला नाही."