बटणांवरचं कुंकू

यातलं अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या कमळाकाकूने देवापुढे बसून मला सांगितलंय.

१९५२. दसऱ्याची दुपार. ठाणं.

काकूच्या घरापुढच्या खोलीत सोडावॉटरचं दुकान होतं. परशुरामकाकांनी कल्याणच्या लष्करी छावणीच्या लिलावातून गोळीच्या खेळाचं, म्हणजे पिनबॉलचं, जुनं मशीन आणलेलं. पूर्वी त्यात गोळी सोडून, तळव्यांनी मशीनला हलके धक्के देत तिला वळवायचे. जास्त हलवलं की लाल दिवा लागे, खेळ बंद.

काकांनी त्याला नवे पंजे बसवून घेतले. बाजूची दोन बटणं दाबली की पंजे गोळी वर फेकत.

मग काकांनाच नाद लागला. गिऱ्हाईक ताटकळू लागलं. शेवटी काकूने त्यांना पुन्हा न खेळण्याची आईची शपथ घ्यायला लावली. मोडली, तर ती दिवा गावी माहेरी जाणार होती. कायमची.

आणि तरी रोज दुपारी बंद दुकानातून आवाज यायचा...

टण्ण... टण्ण...

दसऱ्याला यंत्रांची पूजा. काकूने दोन्ही बटणांवर मुद्दाम ओलं कुंकू थापलं. खेळले, तर बोटं बोलतील.

जेवणं झाली. तिने मशीनची वायर काढली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

डोळा लागला, तोच...

टण्ण...

शेजारची खाट रिकामी!

"शपथ मोडलीच! शिरले कुठून कोण जाणे," म्हणत तिने कुलूप काढलं.

आत कुणीच नव्हतं.

वायर जमिनीवर पडलेली. तरी दिवे पेटलेले. गोळी धावत होती.

बटणांवरचं कुंकू जसंच्या तसं.

मशीन मात्र हलत होतं... हळूच डावीकडे... हळूच उजवीकडे...

मग जोराचा धक्का.

लाल दिवा लागला. सगळं थांबलं.

"काय गं?" मागून काका आले. अंगावर पाणी, हातात विहिरीचा पोहरा. बोटं स्वच्छ.

"अहो, तुम्ही नव्हता?"

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे... तूही नव्हतीस? किल्ली तुझ्यापाशी. मला वाटायचं, मला शपथ घालून तूच खेळतेस."

दोघं मशीनजवळ गेले.

पुढच्या लाकडी पट्टीवर दोन तळवे उमटलेले. ओले.

माहेरी न्यायला आधीच बांधून ठेवलेलं गाठोडं काकूने सोडलं. मशीन भंगारात गेलं. छावणीत ते कोण खेळायचं, कधीच कळलं नाही.

दसऱ्याला शिलाई मशीनला कुंकू लावताना मी आधी लाकडावरून हात फिरवते.

कोरडं आहे ना...