खालचा आवाज

शनिवारी दुपारी जेवण आटोपून जगदीश शेणव्याहून स्कूटरवर मुरबाडला निघाला, तो फक्त एक सबवूफर, म्हणजे खालचा खोल बास वाजवणारी पेटी, पसंत करायला. भातकापणी होऊन महिना झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती धसकटं उरलेले भाताचे दळे, आणि लांबवर सिद्धगड धुरकट दिसत होता. चोपन्न वर्षांचा हा माणूस आसनगावच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी कल्याणला गेली होती. घरात एकटा, आणि सोबतीला गाण्याची हौस. डावा-उजवा असे दोनच स्पीकर, एक अँप्लिफायर, समोर एक खुर्ची. एवढाच त्याचा संसार, असं बायको म्हणायची.

स्पीकर चांगले होते, पण लहान. गाणं ऐकू यायचं, त्याखालची जमीन ऐकू यायची नाही.

मुरबाडच्या बाजारामागे सुयोगचं दुकान होतं. आधी तो लग्नांत साउंड लावायचा. कानाला दडे बसायला लागले तेव्हा ते सोडून त्याने घरगुती यंत्रांचा धंदा धरला. दुकानामागच्या खोलीत त्याने दोन पेट्या मांडून ठेवल्या होत्या.

"ही मोठी, हिला पुढून भोक आहे," सुयोग म्हणाला. "हवा बाहेर फेकते. दणका जास्त. पिक्चरला बरी. आणि ही लहान, चारी बाजूंनी बंद. दणका कमी, पण जे आहे तेच वाजवते. दोन स्पीकरवर गाणी ऐकणाऱ्याने हीच घ्यावी. बास वेगळा कळता कामा नये, जगदीशभाऊ. नुसता असायला हवा."

जगदीशने खिशातून फोन काढला. त्यात गंगीचं रेकॉर्डिंग होतं. गंगी त्याची थोरली बहीण, सरळगावात दिलेली. लग्नात धवळे म्हणायला तिला आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. सगळे धवळे येणारी तिच्या पिढीतली ती शेवटचीच. तीन वर्षांपूर्वी जगदीशने घरी बसवून, चांगला माईक आणून, तिचा आवाज धरून ठेवला होता. त्यानंतर ते रेकॉर्डिंग त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. रेकॉर्डिंग झालं त्याच दिवशी त्यांची आई गेली होती. आज पेटी पारखायला त्याने तेच लावायला सांगितलं.

"याच्यावर काय कळणार?" सुयोग हसला. "बाईचा एकटा गळा. ढोल नाय, काय नाय. सबवूफर झोपून राहील."

गंगीचा आवाज खोलीत पसरला. सुयोगने मोठ्या पेटीच्या पडद्यावर बोटं टेकली आणि तशीच ठेवली.

"हलतोय," तो म्हणाला.

खालून काहीतरी येत होतं. फुगलेलं, पसरट. सुयोगने वायर काढून लहान पेटीला लावली, आणि मग ते स्वच्छ ऐकू आलं. धप्... धप्... धप्. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा दोन.

"कोण भात कांडत व्हतं काय मागं?"

"नाही," जगदीश म्हणाला.

"हवं तर खालचं सगळं कापून देतो. एक बटन फिरवलं की हा आवाज येणारच नाय."

"कापू नका."

त्याने लहान पेटी घेतली. निघताना सुयोगने जागा शोधायची युक्ती सांगितली. पेटी आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायची, रेकॉर्डिंग लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत घरभर फिरायचं. जिथे बास भरीव लागेल, ती पेटीची जागा.

रविवारी दुपारी तीन वाजता जगदीशने पेटी खुर्चीवर ठेवली. ऊन खिडकीतून आत आलं होतं. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. तो हातगुडघ्यांवर आला आणि रांगू लागला.

गंगी गात होती. कपाटापाशी आवाज पोकळ होता. दाराशी जरा घट्ट. दार ओलांडून तो मागच्या पडवीत गेला, तसा तो आवाज त्याच्या तळहातांत उतरला. आई तेव्हा इथेच खाटेवर असायची. आई गेल्यावर त्याने सारवलेली जमीन खणून वर पांढऱ्या लाद्या बसवल्या होत्या. जिथे खाटेचं पायतं होतं, तिथे त्याने लादीला कान लावला. आवाज तिथून येत असल्यासारखा वाटत होता. मऊ, मांसल. मोगरीचा नव्हता, मुसळाचाही नव्हता. टाचेचा होता.

आणि त्याला तो दिवस आठवला. दुपारी तीनला, रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी, तो आईपाशी येऊन उभा राहिला होता. आई, धोंडूबाई, आठ दिवस छातीच्या दुखण्याने पडून होती. तो म्हणाला होता, "आये, तासभर अजिबात आवाज करू नकोस. हाक मारू नकोस. काय लागलं तर मागनं बघू." तिने मान हलवली होती. तो दार लावून निघून गेला होता.

हाक मारायची नाही म्हणून तिने हाक मारली नव्हती. खाटेवरून पाय खाली सोडून टाच आपटत राहिली होती, तीही हळू. पोराचं काम बिघडू नये इतकी हळू.

त्याने खिशातला फोन काढून रेकॉर्डिंग कितव्या मिनिटाला आहे ते पाहिलं. एकतिसाव्या मिनिटाला टाच थांबली. गंगी त्यापुढे अकरा मिनिटं गात होती. नवरदेव वेशीशी आल्याचा धवळा, जगदीशच्या सर्वांत आवडीचा.

म्हातारी झोपेतच गेली, असं सगळ्या गावाला सांगितलं होतं. भाग्याचं मरण, असं लोक म्हणाले होते.

त्याने गंगीला बोलावून घेतलं. सोमवारी संध्याकाळी ती आली, पदर खोचून खुर्चीत बसली. जगदीशने काही न सांगता रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या धपकीलाच तिने डोळे मिटले.

"बंद कर."

"ताई, तुला ऐकू येतंय? आपल्याला तेव्हा कळलंच नाही गो..."

"मला कळलं व्हतं."

जगदीशने रेकॉर्डिंग थांबवलं.

"माझे पाय जमिनीवर व्हते. तू कानाला ती हेडफोनची डबडी लावून बसलेलास. मी थांबले, दाराकडं बघितलं. तू बोट तोंडावर ठेवलंस नि हातानं खुणावलंस, पुढं म्हण. म्हणून मी म्हणत राहिले."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुझ्या बोटानं मेली म्हणू, का माझ्या गाण्यानं?" तिचा आवाज चिरकला. "आन् तुला मशीन आणायला लागली ऐकायला. माझ्या घरी रोज येतंय. तीन वर्सं झाली. दुपारी तीनला सुरू व्हतं, चुलीमागं. नवऱ्याला ऐकू येत नाय, सुनंला नाय. मी धवळे सोडले ते गळा गेला म्हणून नाय, जगू."

ती चहा न घेताच उठली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "तूपन ऐक आता."

ती गेल्यावर जगदीशने पेटीची वायर उपटली, पेटी खोक्यात भरली आणि खोकं माळ्यावर टाकलं. फोनमधलं रेकॉर्डिंग पुसलं, कॉम्प्युटरमधलंही पुसलं. गंगीचा सगळा आवाज गेला. आता ते धवळे कुठेच नव्हते.

मंगळवारपासून त्याने आठवडाभराची रजा घेतली. त्याच दुपारी सव्वातीनला फोन वाजला.

"जगू..." गंगी कुजबुजत होती. "आज नाय आला. तीन वर्सांत पैल्यांदा. चुलीमागं नुसतं शांत हाय." मग तिने विचारलं, "तुझ्याकडं हाय का?"

जगदीशने कान दिला. पंखा बंद होता. घर चिडीचूप होतं.

"नाय," तो म्हणाला. ते खरंच होतं.

"देवा," गंगी म्हणाली आणि रडू लागली. हलकं झालेलं माणूस रडतं तशी. त्याला तिचा राग आला. तिची सुटका झाली होती आणि तो कसा आहे, हे तिने विचारलंही नव्हतं.

बुधवार शांत गेला, गुरुवारही. आपलंही सुटलं असेल, असं त्याला वाटायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी बायको यायची होती, म्हणून त्याने दुपारी घर पुसायला काढलं. पुढची खोली झाली. पडवीत, खाटेचं पायतं होतं तिथे, फडकं फिरवताना एका लादीवर त्याचा हात खाली गेला.

तो वाकून बघू लागला. लादी तडकलेली नव्हती. गुळगुळीत झिजली होती, देवळाच्या पायरीसारखी, बाईच्या टाचेएवढी. अशी झीज व्हायला माणसाची हयात जावी लागते, आणि या लादीला तीन वर्षंही झाली नव्हती. त्या खळग्यात फडक्यातलं थोडं पाणी साचलं होतं.

तीन वाजले होते. घरात काहीच ऐकू येत नव्हतं. जगदीश श्वास धरून बघत होता, आणि त्या पाण्यावर मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं, कडेपर्यंत गेलं... मग दुसरं... मग तिसरं.