कापलेला बेल्ट

क्ले प्रुइटने किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

"ही माझी गाडी नाही," तो म्हणाला.

गाडी त्याचीच होती. तोच लाल पिकअप ट्रक, दारावर तोच पोचा. पण गुरुवारी नवा, मोठा सुपरचार्जर बसवल्यावर हीच गाडी अशी शीळ घालत सुटली होती की रस्त्यापलीकडच्या जिनिंगमधली माणसं कापूस टाकून बघायला आली होती. तेव्हापासून ती इथेच, गॅरेजात होती. आज शनिवार. दुपारी शर्यत. आणि गाडी नुसती खाकरत होती.

गॅरेजचा मालक रॉइस हाबरमानने बॉनेट उघडलं. इंजिनावर जुनाच ब्लोअर, म्हणजे जुना सुपरचार्जर, बसला होता. काढून फळीवर ठेवलेला, तोच. नव्याचा पत्ता नव्हता.

"चोरी!" रॉइस ओरडला. "कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोघांकडेच. एक माझ्याकडे, दुसरी वेडकडे. आता चोर कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?"

वेड टिलरी, त्याचा मेकॅनिक, पाना हातात धरून उभा होता. तुरुंगातून पॅरोलवर सुटलेल्या माणसाला फार बोलायची सवय राहत नाही.

थोड्याच वेळात पोलिसांतली डेप्युटी नेल्डा उरुतिया आली. एका हातात कॉफी, दुसऱ्यात अर्धा खाल्लेला बरिटो. तिचा हा नेहमीचा अवतार बघून नवखे लोक फसतात. आमच्या कापूसपट्ट्यात जुने लोकही फसलेले आहेत.

"नेल्डा पोरी, बरं झालं आलीस," रॉइस म्हणाला. त्याने तिला शाळेच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. "याला घेऊन जा आणि याच्या पॅरोल अधिकाऱ्याला फोन कर. मी माणुसकी दाखवली, हे त्याचं फळ."

"फोन करायचाच आहे," नेल्डा म्हणाली. "पण एकदा केला की मागे घेता येत नाही. आधी दोन प्रश्न विचारते."

त्या फोनचा अर्थ वेडला ठाऊक होता. उरलेली शिक्षा आत. आणि उद्या, रविवारी, त्याची मुलगी पहिल्यांदाच बापाला त्याच्या खोलीवर भेटायला येणार होती. तिच्यासाठी त्याने दुसरी खुर्ची आणली होती.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"खोलीवर, मॅडम. उद्या मुलगी येणार, म्हणून झाडलोट करत होतो."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

"बघ!" रॉइस म्हणाला.

नेल्डाने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "हा ब्लोअर बदलायला किती माणसं लागतात?"

"ज्याला येतं त्याला एकट्यालाही जमतं. एक संध्याकाळ जाते."

"इथे कोणाला येतं?"

वेडने मान खाली घातली. "मला. आणि मिस्टर रॉइसना. मी त्यांच्याकडूनच तर शिकलो."

"मी माझ्याच गिऱ्हाइकाला लुटीन?" रॉइस हसला. "तीस वर्षं झाली, माझ्या हातून एक इंजिन बिघडलेलं नाही. विचार याला!"

क्लेने मान डोलावली. खोटं नव्हतं. या भागात रॉइसचं नाव घेऊन लोक गाडी विकायचे.

नेल्डा गॅरेजभर फिरली. कचऱ्याच्या डब्यापाशी वाकली. वरच, तेलकट चिंध्यांवर, रबरी बेल्टचे दोन तुकडे पडले होते. सुरीने साफ कापलेले.

"हा काय प्रकार?"

"क्लेच्या गाडीचा जुना बेल्ट," वेड म्हणाला. "उतरवला की मी लगेच कापतो. नाहीतर कोणीतरी डब्यातून उचलतं, पुन्हा चढवतं, आणि तो भर रस्त्यात तुटतो."

"मग नव्या ब्लोअरला कोणता बेल्ट लावलास?"

"आखूड. नव्याची पुली लहान, म्हणून तो जोरात फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबतो. लहान पुलीला लांब बेल्ट ढिला पडतो."

"आणि जुन्या ब्लोअरला आखूड बेल्ट?"

"चढणारच नाही."

नेल्डाने टॉर्च काढून लाल गाडीच्या इंजिनात बघितलं. तिथे लांब बेल्ट होता. वापरलेला. खाचांत मुरलेली तांबडी धूळ, कडेला झिजलेला.

"असा लांब बेल्ट गॅरेजात दुसरा होता?"

"नाही. लागला की दुकानातून आणतो."

"दुकान संध्याकाळी बंद होतं," क्ले म्हणाला. "आणि दुकानातला नवा कोरा असता."

"अगदी बरोबर."

मग तिने इंजिनाला हवा नेणारा पाइप सोडवायला सांगितला. वेडने तो सोडवला, आत बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आतल्या बाजूला वाळू होती. फिल्टरच्या पलीकडे, जिथे एक कणही जायला नको, तिथे.

"फिल्टर तू बसवला होतास?"

"नवा, मॅडम. आईच्यान." इतका वेळ दगडासारखा उभा असलेला माणूस आता कापऱ्या आवाजात बोलत होता. "वाळू शिरली तर ब्लोअर गेलाच. आतल्या फिरत्या पात्यांत केसाएवढीही जागा नसते."

"हलगर्जीपणाही केलाय तर!" रॉइस म्हणाला.

नेल्डाने कॉफी संपवली. "चला, जरा मागच्या आवारात."

मागे ताडपत्रीखाली रॉइसचा काळा ट्रक उभा होता. क्लेच्या गाडीचाच जुळा भाऊ. तीच कंपनी, तेच इंजिन, तसलाच जुना ब्लोअर.

"आज बायकोच्या गाडीतून आलात, रॉइस?"

"याची बॅटरी बसलीये. बुधवारपासून हललेला नाही."

नेल्डा थांबली. काल दुपारी जिनिंगच्या वळणावर हाच काळा ट्रक तिला समोरून भेटला होता. रॉइसने स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर केलं होतं. इथे सगळे तसाच रामराम करतात. तिनेही एक बोट वर केलं होतं. काल शुक्रवार होता.

"बॉनेट उघडा," ती म्हणाली.

"बॅटरी बघायला पोलीस लागतात का आता?"

"उघडा, रॉइस."

तो हलला नाही. शेवटी क्लेनेच ताडपत्री ओढली आणि बॉनेट वर केलं. काळ्या ट्रकच्या पुल्या उघड्या पडल्या होत्या. बेल्ट नव्हता.

रस्त्यापलीकडे जिनिंगचं यंत्र घरघरत होतं.

"चोराला जुना ब्लोअर परत चढवायचा होता," नेल्डा म्हणाली. "त्याला लांब बेल्ट लागतो. वेडनेच चोरी केली असती, तर परवा तोच बेल्ट त्याने कापला असता? हे काम अशा माणसाचं, ज्याला बेल्ट कापलेला आहे हे ऐनवेळी कळलं. डब्यात हात घातला आणि दोन तुकडे हाती आले. दुकान बंद. मग तसलाच बेल्ट कुठे मिळणार? तसल्याच दुसऱ्या गाडीवर. ती गाडी काल दुपारी धावत होती. त्यात बसून तुम्ही मला बोट वर करून रामराम केलात. आज मात्र ती बुधवारपासून आजारी."

"पण माझा ब्लोअर चोरून हा करणार काय?" क्लेला कळेना. "विकायला गेला तर गावभर बोभाटा."

"चोरी झालीच नाही, क्ले. मोडतोड झाली. वेड गेल्यावर हे तुझी गाडी घेऊन शेतरस्त्याला गेले. शीळ आणखी मोठी ऐकू यावी म्हणून फिल्टर काढला. काल वारा किती होता, ठाऊक आहे ना? वाळूने ब्लोअर खाल्ला. तीस वर्षांत एक इंजिन बिघडलं नाही म्हणणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा चोरी बरी. चोर तर पगारावर ठेवलेलाच होता."

तिने काळ्या ट्रकच्या मागच्या सीटवरची घोंगडी उचलली. खाली नवा ब्लोअर होता. वेडने पुढे होऊन पुली फिरवून बघितली. ती कचकच करून अडकली.

रॉइस ट्रकच्या पायरीवर बसला. एकाएकी तो फार म्हातारा दिसू लागला, आणि खरं सांगायचं तर त्याची कीवही येत होती, पण ती वेडकडे बघेपर्यंतच.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या गायला शिकवल्या," तो म्हणाला. "एकदाच, एकट्याने ऐकायचं होतं."

"ऐकलंत ना?" क्ले म्हणाला. "कसा होता आवाज?"

"खोटी तक्रार हाही गुन्हाच आहे, रॉइस. गाडीत बसा." नेल्डाने फोन काढला. वेडच्या हातातला पाना खाली पडला. तिने ते बघितलं. "अरे, फोन तर करायलाच हवा. त्या अधिकाऱ्याला तुझ्याबद्दल दुसऱ्या कोणाकडून काही भलतंच कळायला नको. उद्या तुझ्याकडे पाहुणी आहे, हेही सांगते."

वेडने पाना उचलून पुसला, पुन्हा पुसला. मग तो रॉइससमोर जाऊन उभा राहिला. गॅरेजची किल्ली काढून त्याने रॉइसच्या मांडीवर ठेवली.

"काल रात्री मला बोलावलं असतंत," तो म्हणाला, "तर सकाळी मीच क्लेला सांगितलं असतं, की फिल्टर माझ्या हातून राहिला. तुमच्यासाठी मी चूक अंगावर घेतली असती, मिस्टर रॉइस. चूक. चोरी नाही."