मागच्या कोपऱ्यातला वाफा

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही, अशी सवय लागलेली आहे.

इथेही तेवढंच करणार आहे.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. दुसरा रविवार. दुपारी दोन ते साडेतीनची वेळ. स्वच्छ ऊन पडलं होतं. जागा म्हणजे आमच्याच घराचं परसू.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या मागे परसात जंगल माजलं. कमरेएवढं गवत, काटेरी वेली, आणि मागच्या कोपऱ्यात घाणेरीची जाळी, भिंतीहून उंच. साफ करूया म्हटलं की बाबांचं एकच उत्तर.

"वाढलंय ते वाढू दे."

मग त्यांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या. तो रिपोर्ट मीच काढला होता. डॉक्टर म्हणाले, आधी घरामागचं ते रान काढा.

या वेळी मी बाबांना विचारलंच नाही. थेट मामाला फोन केला.

मामा ड्रायव्हिंग शिकवतो. आयुष्यभर लोकांचे ब्रेक दाबून दाबून त्याचा उजवा पाय बसल्या जागीही हलत असतो. तो कोयता घेऊन आला. मावशीला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती आली. निवृत्त नर्स, त्यामुळे हातमोजे, आयोडीन आणि सूचना यांचा साठा भरपूर. दोघंही आईची धाकटी भावंडं. ताईची बाग पुन्हा उभी करायची, म्हणून दोघांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं.

बाबा पुढच्या खोलीत पडून राहिले. नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते.

दोनपर्यंत अर्धं परसू मोकळं झालं. मामा डावीकडे पेरूच्या वाळक्या फांद्या तोडत होता. मी मधलं गवत उपटत होते.

मागच्या कोपऱ्यातून खुरप्याचा आवाज येत होता.

खर्र... खर्र... मग जरा थांबणं... पुन्हा खर्र...

मावशी असेल म्हणून मी तिकडे तोंड करून चहाला हाक मारली.

"आले गं," मावशी म्हणाली.

माझ्या पाठीमागून.

ती नळाशी हात धूत होती.

कोपऱ्यातलं खुरपं चालूच होतं...

मामाही फांद्या सोडून ऐकत उभा राहिला. मग हसला. शेवटी भाऊजी आलेच म्हणायचे मदतीला, म्हणाला.

मी आत जाऊन बघितलं. बाबा खाटेवर होते. पांघरूण छातीपर्यंत. पाय कोरडे, स्वच्छ. परसात जायला मागचं दार सोडून दुसरी वाट नाही, आणि भिंत दोन पुरुष उंच.

मी बाहेर येऊन मान हलवली. मामाचं हसू मावळलं.

घाणेरीच्या जाळीत शिरायला कुठूनही फट नव्हती. एक फांदी मोडलेली नव्हती. मामा कोयत्याने वाट काढू लागला. आम्ही दोघी मागे. तो तोडत होता तोवर आतून आवाज येतच होता.

शेवटची फांदी पडली...

आणि आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं.

होता फक्त एक वाफा. खाटेएवढा. ताजा खणलेला, ओलसर. माती पिठासारखी चाळलेली, एक खडा नाही, एक मूळ नाही. कडा दोरी लावल्यासारख्या सरळ.

पाऊल उमटलेलं नव्हतं. कुठेच.

मावशी खाली बसली आणि रडायला लागली. ताईच ती, म्हणाली. ताई अशीच माती चाळायची. मामाने डोक्यावरची टोपी काढली.

मलाही बरं वाटलं, हे कबूल करते. सहा वर्षांत पहिल्यांदा आई जवळपास आहे असं वाटलं.

संध्याकाळी दोघं समाधानाने गेली. मी बाबांना चहा दिला. त्यांनी विचारलं, कुठवर तोडलंत? मी सगळं सांगितलं. मावशी काय म्हणाली तेही.

बाबांनी कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "ती तुझी आई नव्हे."

मी खाटेच्या कडेला बसले.

"तुझी आई त्या कोपऱ्याकडे फिरकायची नाही. घर घेतलं तेव्हापासून तो वाफा तिथे आहे. कोणी खणत नाही, तरी खणलेला. दर महिन्याला थोडा मोठा. शेवटी तू लहान असताना तिनेच भोवती घाणेरी लावली. दाट झाली, तेव्हा कुठे वाढायचा थांबला."

मला आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी विचारलं.

"मलाच ते खोटं वाटावं, अशी इच्छा होती," ते म्हणाले.

मी वाफ्याच्या कडेला एक काठी रोवली.

पुढच्या रविवारी काठी आडवी पडली होती. कड तिच्या पुढे वीतभर.

मी नर्सरीतून घाणेरीची बारा रोपं आणून लावली. सकाळी बाराही उपटलेली. मुळं वर करून, कडेला ओळीने मांडलेली... व्यवस्थित.

बाबा आता रोज रस्त्याकडेचं गवताचं बी खिसे भरभरून आणतात आणि परसात फेकतात. शेजारी मला बाजूला घेऊन विचारतात, काकांचं बरं आहे ना? मी हो म्हणते.

त्या मातीत काही उगवत नाही.

मावशीचा दर आठवड्याला फोन येतो. ताईच्या वाफ्यात काय लावलंस? मोगरा लाव, तिला आवडायचा. पुढच्या रविवारी आम्ही येतो मदतीला. तिचा आवाज इतका हलका झालेला असतो, की मला सांगवत नाही. दर वेळी काहीतरी सबब काढते.

परसू मागच्या दारापासून भिंतीपर्यंत पंचवीस पावलं आहे. आज सकाळी मी दारापासून वाफ्याच्या कडेपर्यंतची पावलं मोजली.

चार पावलं.

आज दुपारी आम्ही जेवत होतो. मागच्या पायरीपाशी आवाज आला.

खर्र... खर्र...

माझा घास हातातच राहिला. बाबांनी दाराकडे बघितलं नाही. रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मीही मान खाली घालून जेवत राहिले.