मक्केतला तौकीर

"अम्मी, मी बरा हाय. इथं मक्केत कसलं युद्ध? ते लांब तिकडे, कुवेतच्या बाजूला... तू जेव बरं नीट."

पलीकडच्या टेलिफोन केबिनमधून हे कानावर आलं आणि मी माझा फोन लावायचाच विसरले. कारण तो उभा होता दम्मामला. मक्का तिथून सौदीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि दम्मामवर आदल्याच आठवड्यात क्षेपणास्त्रं येऊन गेली होती.

तो बाहेर आला. उंच, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, आणि चेहरा खोटं बोलून दमलेल्या माणसाचा. मी समोरच्या भिंतीकडे बघत हळूच विचारलं, "मक्केत आज हवा कशी आहे?"

तो असा दचकला की मला हसू आवरेना. मग त्यानंही भिंतीकडेच बघत उत्तर दिलं, "छान आहे... पण तुमची बोली आमच्या कोकणातली कशी?"

बाईमाणसानं परक्या पुरुषाशी रस्त्यात बोलणं म्हणजे तिथं गुन्हाच. म्हणून आमची सगळी ओळख भिंतीशी बोलतच झाली. तो तौकीर, हर्णैचा. मी बदरुन्निसा, म्हसळ्याची, सरकारी दवाखान्यातली नर्स.

मला तेव्हा बोलायला कुणीच नव्हतं. खोलीतल्या बाकीच्या मुली युद्धाच्या आधीच आपापल्या देशी निघून गेल्या होत्या. मला सुट्टी मिळाली नाही, पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. रिकाम्या खाटांमध्ये एकटीनं जेवायचं, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या, रेडिओ ऐकायचा. सगळे मला 'सिस्टर' म्हणत. माझं नाव मलाच परकं वाटायला लागलं होतं. दर गुरुवारी दवाखान्याची बस आम्हाला बाजारात सोडायची, तेवढीच काय ती मोकळीक.

आता मी गुरुवारची वाट बघू लागले.

हर्णैला त्याच्या वाडीत फोन एकच, गुरुनाथच्या दुकानात. आधी फोन करून अम्मीला बोलवायला सांगायचं, मग थोड्या वेळानं पुन्हा लावायचा. तो मधला वेळ आमचा. कुवेत पडलं तेव्हा अम्मीनं अन्न सोडलं होतं, म्हणून त्यानं ठोकून दिलं की कंपनीनं आपली बदली मक्केला केली. अम्मी जेवायला लागली. पण वाडीभर बातमी झाली, आणि आता दर आठवड्याला कुणी मुलाच्या परीक्षेसाठी दुआ मागायला सांगे, कुणी गुडघ्यासाठी.

"एका म्हशीसाठीपण आलीय," तो गंभीरपणे म्हणाला.

"खोटंच बोलायचं होतं तर जेद्दा सांगायचं. मक्केचं नाव घेऊन खोटं बोलवतं तरी कसं तुम्हाला?"

"जेद्दाला अल्लाचं घर नाही ना. तिचा विश्वास कशावर बसला असता?"

 आवडायला लागला होता मला तो, हे तेव्हा कळलं.

मग एका गुरुवारी, तो अम्मीशी बोलत असतानाच, सायरन वाजला. लोक धावत सुटले. तौकीर मात्र रिसीव्हर धरून थिजला. तिकडे अम्मीनं आवाज ऐकला होता. तो कसला आवाज, तो कसला आवाज, असं ती ओरडत होती आणि याच्या तोंडून शब्द फुटेना.

मी आत घुसले आणि रिसीव्हर ओढून घेतला. "खाला, अँब्युलन्स आहे. मी नर्स आहे इथं. घाबरू नका."

"मक्केत आहेस तू पण? नशीबवान गं बेटी. माझ्या नावानं काबाचा एक तवाफ कर, सातही फेऱ्या. आणि दुआ माग, माझ्या तौकीरला चांगली मुलगी मिळू दे."

"करीन, खाला," म्हणून मी फोन ठेवला.

आम्ही शेजारच्या दुकानाच्या जिन्याखाली इतरांसोबत दाटीनं बसलो. आभाळात मोठा धडाका झाला, शटर थरथरलं. मला वाटलं, आत्ता मेले तर इथं मला ओळखणारा हा एकटाच. भीतीपेक्षा तेच जास्त लागलं. तेवढ्यात त्यानं, माझ्याकडे न बघता, हळू हाक मारली, "बदरुन्निसा..." नुसतं नाव. पुढे काहीच नाही. पण कितीतरी महिन्यांनी कुणी ते घेतलं होतं.

पुढे युद्ध संपलं. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर दम्मामवर आला, माझा पांढरा युनिफॉर्म दोरीवरच काळवंडला. आणि तौकीर म्हणाला की कंपनी सगळ्या वेल्डरना दुरुस्तीच्या कामावर कुवेतला नेतेय. किती दिवस, ठाऊक नाही.

 पुन्हा त्या रिकाम्या खाटा...

"जा तुम्ही," मी म्हटलं. "पण मी खालाला शब्द दिलाय, मक्केचं नाव घेऊन. त्याचं ओझं मला झोपू देत नाही. मला तवाफ करायचाय."

"मग करून या ना."

"एकट्या बाईला कोण जाऊ देतंय? महरम लागतो सोबत, घरचा पुरुष. बाप... नाहीतर भाऊ. ते दोघं म्हसळ्याला."

 तो फार सावकाश म्हणाला, "आणखीही एक चालतो."

"चालतो," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

तो तडक केबिनमध्ये गेला. गुरुनाथला अम्मीला बोलवायला सांगितलं, थांबला, पुन्हा फोन लावला. आणि मी ऐकलं, "अम्मी, मी मक्केत नव्हतो. एकदाही नाही. दम्मामला होतो, सायरनखाली... तू जेवावंस म्हणून बोललो."  पलीकडून शिव्या आल्या असाव्यात, कारण तो रडता रडता हसत होता. शेवटी त्यानं रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"तूही खोटंच बोललीस," अम्मी म्हणाली.

"हो, खाला. पण तवाफ खरा करायचाय. तौकीरसोबत."

 अम्मीनं विचारलं, "तुझ्या बापाचं नाव काय गं, बेटी?"

मी अब्बांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मोहल्ला सांगितला, आणि मग मला रडू आवरेना.