फडक्यावर आलेला देश

भाषांच्या खोलीबाहेर बूट काढून ठेवायचा नियम होता. जगात शिरताना पायातली धूळ बाहेर ठेवावी, असं भाषाबाई सांगत. खरी गोष्ट अशी की आतला गालिचा बाईंनी स्वतःच्या घरून आणला होता आणि तो झाडायला शाळेच्या शिपायाने स्वच्छ नकार दिला होता. पण नियमाला एकदा चांगलं कारण मिळालं की खरं कारण कुणी विचारत नाही.

या नियमामुळेच त्यांची भेट झाली. तिचा त्या शाळेतला पहिलाच दिवस होता. तास संपवून ती बाहेर आली, तर तिचे बूट एका मुलाच्या पायात होते आणि तो मुलगा जाडजूड शब्दकोश वाचत वाचत जिना उतरायला निघाला होता.

“ऐक ना... ते बूट माझे आहेत.”

त्याने पानावर बोट ठेवून खाली पाहिलं. “कशावरून?”

“कशावरून म्हणजे? तुझे हे काय इथे पडलेत.”

त्याने पायांची बोटं आतल्या आत हलवून पाहिली. “मला तर बरोबर बसतात,” तो गंभीरपणे म्हणाला. “म्हणजे तुझा पाय माझ्याएवढा आहे.”

मुलीशी पहिल्या भेटीत काय बोलू नये, हे शब्दकोशात दिलेलं नसतं. तिचे वडील पूल बांधणारे इंजिनिअर होते आणि घरात तिच्या पावलांना ‘पुलाचे खांब’ म्हणत. तेवढं तिला पुरेसं होतं. तिने बूट हिसकावून घेतले, नाड्या न बांधताच चालू लागली आणि तिसऱ्या पायरीवर अडखळली. तो हसला नाही. म्हणून तिने त्याला निम्मी माफी दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या बुटात तपकिरी नाडी ओवून आणली होती. “आता चूक होणार नाही,” तो म्हणाला.

तास संपेपर्यंत दारातून दिसणाऱ्या त्या तपकिरी नाडीकडे तिचं लक्ष जात राहिलं.

वर्गात त्याला कोश म्हणत. घड्याळजीचा मुलगा. घरात इतकी टिकटिक की याला बोलायला फट सापडली नसावी. त्याला सगळे शब्द येत, पण तोंडातून बाहेर काढताना तो त्यांना फार वाट पाहायला लावी. तिचं उलटं. वडिलांचा एक पूल झाला की बिऱ्हाड पुढच्या पुलाकडे जाई, आणि दर नव्या शाळेत नवी भाषा. तिला कितीतरी भाषांमधून “तुझं नाव काय?” विचारता येई, आणि एकाही भाषेत त्याच्या पुढचं येत नसे. निरोपाचा धडा कुठल्याही पुस्तकात शेवटी असतो. तिथवर ती कधी पोचलीच नव्हती. वर्गाने तिचं नाव पाहुणी ठेवलं. तिनेही तक्रार केली नाही; बारशाला हजर राहायची सवय तिला झाली होती.

भाषाबाईंची एक पद्धत होती. वर्षाच्या सुरुवातीला त्या जोड्या लावत, पृथ्वीगोल गरकन फिरवत आणि जोडीतल्या एकाला डोळे मिटून बोट टेकवायला सांगत. जो देश बोटाखाली येईल तो वर्षभर त्या जोडीचा. तिथली भाषा, गोष्टी, चालीरीती शोधायच्या आणि शेवटी प्रदर्शनात मांडायच्या. देश बदलून मिळत नसे. आपणही आपला देश निवडून जन्माला येत नाही, असं बाई म्हणत.

बाईंनी पाहुणी आणि कोश यांची जोडी लावली. पाहुणीने डोळे मिटले, बोट टेकवलं. डोळे उघडले तर सगळीकडे निळा समुद्र, आणि नखाच्या टोकाशी एक काळा ठिपका.

कोशने खिशातून वडिलांचं भिंग काढून डोळ्याला लावलं. घड्याळजीच्या मुलाला बारीक वस्तूंबद्दल फार आदर असतो. त्याने बराच वेळ पाहिलं. “बेट आहे,” तो म्हणाला. “किनाऱ्याला खाचाखोचाही आहेत.”

बाईंचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

त्या बेटाबद्दल ग्रंथालयात एक ओळ सापडली नाही. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. पाहुणी मात्र खूश झाली. जिथला पहिला धडाच कुणी लिहिलेला नाही अशी एक तरी भाषा तिला मिळाली होती. निदान इथे कुणी तिच्या पुढे नव्हतं.

“नाही सापडत तर आपणच करू,” ती म्हणाली.

“खोटं?”

“खोटं कशाला? अजून कुणाला न कळलेलं.”

कोशला हा फरक आवडला. मग दुपारची सुट्टी ते दोघं त्या बेटावर काढू लागले. तिने राहिलेल्या गावांमधून काही आणलं, त्याने वाचलेल्या पुस्तकांमधून काही, आणि भांडणं दोघांनी मिळून. बेटावरची माणसं भेटल्यावर खूप बडबडतात, असं तिचं म्हणणं. दोघंही खाली बसेपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत, असं त्याचं. शेवटी ठरलं की सकाळी बडबडतात आणि संध्याकाळी गप्प बसतात. तिथे राजा असतो, पण तसं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि तिथली सगळ्यात वाईट शिवी म्हणजे “तुझं घड्याळ बरोबर चालो.” ही शिवी कोशची होती. ती सुचली त्या दिवशी तो घरून रागावून आला होता, हे तिच्या लक्षात आलं. तिने आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्याकडे सरकवली.

एकदा खिडकीवर पावसाच्या रेघा ओढल्या जात होत्या आणि गालिच्याला ओलसर लोकरीचा वास येत होता. तिने शिसपेन दातात धरून विचारलं, “आणि तिथे एखाद्याला कुणी... म्हणजे, आवडलं... तर काय म्हणतात?”

कोश शब्दकोशाची पानं उलटू लागला. त्या भाषेचा शब्दकोश नव्हता, तरीही.

“म्हणत नाहीत,” तो अखेर म्हणाला. “बूट वळवतात.”

“काय?”

“पाहुणा आला की बूट दाराशी काढतो. त्याने जाऊ नये असं वाटलं, तर घरचं माणूस हळूच बाहेर जातं आणि बुटांची तोंडं आतल्या बाजूला करून ठेवतं. बोलायचं काही नाही.”

“आणि पाहुण्याला नाही कळलं तर?”

“मग रोज वळवायचे,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली. बुटांच्या लांबच लांब रांगेत सगळी तोंडं जिन्याकडे होती. फक्त तिचे बूट खोलीकडे पाहत उभे होते. तिने ते सरळ केले, घातले आणि खाली गेली—जिन्यावर मात्र एकदाही न अडखळता. त्यानंतर ते रोजच तसे असत. दोघांपैकी कुणीही त्यावर चकार शब्द काढला नाही. बेटाची पद्धत ते इतक्या काटेकोरपणे पाळत होते की बाईंनी पैकीच्या पैकी गुण द्यायला हवे होते.

इकडे वडिलांचा नदीवरचा पूल मात्र मन लावून पुरा होत होता. आजवर तिला पुलांचा कौतुकमिश्रित अभिमान असे. या पुलाचा एखादा खांब खचावा असं तिच्या मनात येई आणि लगेच वडिलांचा चेहरा आठवून ती शरमे. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच आईने ट्रंका काढल्या. उद्या निघायचं, एवढंच वडील म्हणाले. ते कोशला सांगायचं कसं, हे तिला येणाऱ्या कुठल्याच भाषेत नव्हतं.

ती शाळेत पोचली तर भाषाबाई पृथ्वीगोलापुढे ओलं फडकं धरून उभ्या होत्या. प्रदर्शनासाठी म्हणून त्यांनी चष्मा लावून गोल पुसायला घेतला होता.

“अगं,” त्या फारच हळू म्हणाल्या, “तुमचा देश फडक्यावर आला.”

कोशने फडक्यावर भिंग धरलं. माशीचं काम होतं. इतका सुंदर देश एका माशीने एका बैठकीत वसवला होता.

रडावं की हसावं हे ठरायच्या आत प्रमुख पाहुणे आलेच. ते जन्मभर समुद्रावर काढलेले जहाजाचे कप्तान होते. पाठीमागे हात बांधून सगळे देश पाहत पाहत ते यांच्या टेबलाशी थांबले, राजाबद्दल वाचून हसले, आणि म्हणाले, “हे कुठंशी आलं?”

बोलण्याचं काम पाहुणीचं ठरलं होतं. ती टेबलावरचे कागद पुन्हा पुन्हा सारखे करत राहिली. देश गेला होता, आणि उद्या तीही जाणार होती. कोशने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग गोलाकडे गेला आणि निळ्या पाण्यावर नेमकं बोट ठेवलं.

“इथं तर पाणी आहे,” कप्तान म्हणाले. “माझं जहाज इथून गेलेलं आहे.”

“रात्री गेलं असेल,” कोश म्हणाला.

कप्तानांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मिशीखाली काहीतरी हललं. “बरोबर,” ते म्हणाले. “रात्रच होती. सांग पुढं.”

आणि कोश बोलला. वर्षभरात बोलला नसेल इतकं बोलला. सकाळची बडबड, संध्याकाळचं गप्प बसणं, शिवी, आणि सगळ्यात शेवटी बूट. ते सांगताना त्याचा आवाज इतका उतरला की कप्तानांना वाकावं लागलं.

“छान आहे,” कप्तान म्हणाले. “पण समजा पाहुण्याला जावंच लागलं? आम्हा बोटीवरच्या लोकांना लागतं बाबा. मग काय करतात?”

कोश गडबडला. हे दोघांनी कधी ठरवलंच नव्हतं. तो तिच्याकडे वळला, आणि तिचे भरलेले डोळे पाहून त्याला सगळं कळलं.

“मग...” पाहुणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “मग पाहुणा घरच्या माणसाचे बूट घालून जातो. दुसऱ्याची वस्तू... परत करायला यावंच लागतं ना.”

कप्तानांनी खाकरून टोपी सारखी केली आणि पुढच्या देशाकडे गेले. जाताना कोशच्या खांद्यावर हात ठेवायला विसरले नाहीत.

संध्याकाळी बाहेर रांग विरळ झाल्यावर तिने तपकिरी नाडीचे बूट पायात घातले. अगदी बरोबर बसले. तो पायरीवर उभा होता.

“माझा पाय तुझ्याएवढा आहे,” ती म्हणाली.

तो हसला—आणि तिचे बूट घालून घरी गेला.

पुढे काही दिवस पत्रं गेली-आली. मग तिच्या वडिलांचे पूल आणि पत्ते एकमेकांशी शर्यत लावू लागले आणि पत्रं वाटेतच दमली. ती दुभाषी झाली. आता ती पुस्तकाच्या शेवटापर्यंत जाई. निरोपाचे धडे तिला तोंडपाठ होते आणि एकही वापरावासा वाटत नसे. जिथे जिथे ती राहिली तिथे कपाटात तळाशी शाळकरी बुटांचा एक जोड असे. काय आहे म्हणून कुणी विचारलं, तर उसना आणलाय, असं सांगे.

भाषाबाई निवृत्त झाल्या तेव्हा जाताना गालिचा आणि नियम दोन्ही आपल्या जागी येणाऱ्याला देऊन गेल्या. तो नवा शिक्षक फारसा बोलत नाही, अशी मुलांची तक्रार असे. पण पृथ्वीगोल कुणालाही पुसू देत नाही, हे त्यांना अधिक चमत्कारिक वाटे.

एका पावसाळी दुपारी तास संपला. मुलं बूट घालून भुर्र झाली आणि शिक्षक दाराशी आला. रांगेत बुटांचा एकच जोड उरला होता. चामडं तडकलेलं, डाव्या बुटात तपकिरी नाडी. त्याच्या शेजारी बाईमाणसाच्या ओल्या चपला. दोन्हींची तोंडं खोलीकडे होती.

ती जिन्याच्या कठड्याला टेकून अनवाणी उभी होती. केसांतून पाणी ठिबकत होतं.

“उशीर झाला,” ती म्हणाली. “पण परत आणलेत.”

त्याने बूट पाहिले, मग चपला. शब्द अजूनही त्याला वाट पाहायला लावत होते... की तो त्यांना.

“चपला कुणी वळवल्या?” त्याने विचारलं.

“मी.”

“आपल्याकडे पाहुण्याने स्वतः वळवायची पद्धत नव्हती.”

तिने ओले केस मागे सारले आणि सरळ गालिच्यावर पाय ठेवला.

“पाहुणी कोण आहे इथे?” ती म्हणाली.